आधी जुना माल: लेझरमधल्या एका सेलची कैफियत

मी एक सेल बोलतोय. मधल्या बोटाएवढा लांब, अंगठ्याएवढा जाड, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा लिथियमचा सेल. भिंतीवरच्या घड्याळात घालतात, तो मी नव्हे. त्याचं बरं असतं बाबा, एकदा संपला की सुटला. आम्हाला संपायचीसुद्धा सोय नाही. संपलो की पुन्हा भरतात आणि पुन्हा कामाला जुंपतात.

सध्या मी एका म्हाताऱ्या माणसाच्या पँटच्या उजव्या खिशात आहे. लिथियमचा सेल खिशात म्हटल्यावर जाणकार दचकतील. दचकू नका. या खिशात मी का आहे आणि निवांत कसा आहे, ते सांगायलाच तोंड उघडलंय. आवाज जरा बारीक येईल, सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. दोन लांबलचक पातळ पट्ट्या, मध्ये कागदासारखा पडदा, त्यांची घट्ट वळकटी करून पत्र्याच्या डबीत कोंबली, वर औषधासारखं काहीतरी ओतलं आणि तोंड बंद केलं. झाला सेल. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला काट्यावर ठेवलं. शेहेचाळीस ग्रॅम. हे वजन तेवढं लक्षात ठेवा. मग अंगावर निळी प्लॅस्टिकची साल चढवली आणि वर आकडा छापला, तीन हजार. म्हणजे माझ्या पोटात किती वीज मावते त्याचं माप. आकडा लहान दिसतो, पण खरा होता. खरे आकडे बहुधा लहानच असतात.

त्याच दिवशी, त्याच काट्यावरून माझा जोडीदार उतरला. आमच्या लेझरला दोन सेल लागत, एकामागे एक, त्यामुळे आम्ही जोडीनेच विकले गेलो. नळीत तो पुढे आणि मी मागे. त्याची पाठ आणि माझं डोकं वर्षानुवर्षं एकमेकांना टेकलेलं होतं. भांडण एकदाही झालं नाही, कारण भरायचो बरोबर आणि रिकामे व्हायचो बरोबर. जोडी म्हणजे तेवढंच असतं.

लेझर कशाला, म्हणाल. कबुतरांना हाकलायला.

आम्ही ज्या गोदामात आलो तिथे धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या. छत पत्र्याचं, त्याखाली त्याला तोलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि त्या कैच्यांवर कबुतरं. खालच्या पोत्यांचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. जाळ्या लावून झाल्या, डबे वाजवून झाले. डबे वाजले की कबुतरं पलीकडच्या कैचीवर जाऊन बसत आणि माणसांकडे मजेत बघत. शेवटी हा हातात धरायचा हिरवा लेझर आला आणि तो गोदामाच्या राखणदाराच्या हाती दिला गेला.

या राखणदाराला सगळे मामा म्हणत. त्याची सख्खी भाची तिथेच नमुने तपासायच्या खोलीत कामाला होती. पोरीला आईबाप नव्हते, मामानेच वाढवलेली. ती मामा म्हणून हाक मारायची, मग हमालांनी मारली, मग मोठ्या साहेबांनीही मारली. खरं नाव कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

मामाचा हात फार चांगला होता. लेझर गालाजवळ धरून, एक डोळा मिटून, तो हिरवा ठिपका कबुतराच्या हातभर अलीकडे कैचीवर टेकवायचा आणि हळूहळू त्याच्याकडे सरकवायचा. काठी येतेय असं वाटून कबूतर झरोक्यातून बाहेर पसार. अंगावर कधी नाही, डोळ्यावर तर मुळीच नाही. एकदा एका हमालाने गंमत म्हणून लेझर मागितला तर मामा म्हणाला, "खेळणं आहे का हे? पाखराला घालवायचंय, आंधळं नाही करायचं. आणि तुला तर अजिबात नाही. पोती कोण उचलेल मग?"

असा माणूस. पण त्याच्यात एक खोड होती आणि ती खोड त्याला गोदामाने लावली होती.

दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर वीतभर अक्षरांत रंगवलेलं असायचं: आधी जुना माल, मग नवा. जे पोतं आधी आलं ते आधी बाहेर काढायचं. नवं फोडायचं नाही, जोवर जुनं शिल्लक आहे. धान्याला हा नियम शंभर टक्के बरोबर. पण मामाने तो सगळ्या जगाला लावला. जुना साबण झिजून पापुद्रा होईपर्यंत नवा निघायचा नाही. जुन्या चपलेला चौथा अंगठा लावायचा, नवी कपाटात. गुडघा दुखायला लागला, भाचीने डॉक्टरकडे चल म्हटलं, तर गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "अजून चालतोय की!"

मला उद्देशूनही तो हेच म्हणायचा. चार्जरवरून उचलताना अंगावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "चालतोय गडी अजून." मला बरं वाटायचं, खोटं का बोलू.

पहिला अपघात खिशातलाच. लेझर दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून मामाने मला सुटा काढून पँटच्या खिशात टाकलं. त्याच खिशात गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा, सतरा किल्ल्या. त्यातली एक माझ्या डोक्याला लागली, दुसरी बुडाला, आणि दोन्ही एकमेकींना भिडल्या. माझ्या पोटातली सगळी वीज त्या वाटेने धावत सुटली. मामा जागच्या जागी नाचायला लागला. हमाल हसत होते. मांडीवर रुपयाएवढा फोड आला.

भाचीने मलम लावता लावता चांगलंच झाडलं. "सेल आणि किल्ल्या एका खिशात? अरे, शाळेतल्या पोरालाही कळतं!"

"मी शाळेत गेलो तेव्हा असले सेल नव्हते," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकची डबी आणून दिली. लेझरबाहेर आलो की डबीत, हा नियम झाला आणि मामाने तो पाळला. चूक कबूल करायचा नाही, पण पुन्हा करायचाही नाही.

दुसरा घाव मात्र भरून निघाला नाही. सलग तीन दिवस गोदाम बंद होतं. लेझर ड्रॉवरमध्ये होता आणि वर एक जाडजूड वही अशी पडली की बटण दाबलं गेलं. बंद ड्रॉवरमध्ये, अंधारात, कुणासाठीही नाही, आम्ही दोघं जळत राहिलो. आम्हाला एका मर्यादेखाली रिकामं करू नये. आतून मोडतो आम्ही. आमच्यात थांबवणारी चकती नव्हती. काही सेलांच्या बुडाशी एक छोटी चकती असते, पोट फार रिकामं झालं किंवा फार भरलं की ती वाट बंद करते. आमच्या नशिबी ती नव्हती. मी कसाबसा तगलो. जोडीदार नाही तगला. चार्जरने त्याला पाहून लाल दिवा लुकलुकवला आणि भरायला नकार दिला.

मामाने त्याला ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवलं. फेकलं नाही.

आता खरं तर आम्हा दोघांनाही रजा द्यायला हवी होती. जोडी मोडली की नवी जोडीच घालायची असते, एकाच घरची, एकाच वयाची. पण सामान आणायचं काम यादीभाऊंकडे. हे भांडारातले गृहस्थ. यादीत जे लिहिलंय तेच आणणार आणि त्यातही कमी भावात मोठं दिसेल ते आणणार, म्हणून हे नाव. त्यांनी दोन सेल आणले. लालभडक साल, सोनेरी अक्षरं आणि आकडा, नऊ हजार नऊशे.

"बघा मामा!" यादीभाऊ म्हणाले. "तुमच्या जुन्याच्या तिप्पट. भाव निम्मा. याला म्हणतात खरेदी!"

मामाने दोन्ही हातात घेऊन पाहिले. "हलके वाटतात."

"नवीन टेक्निक आहे. हलकं तेवढं चांगलं."

मामाने मान डोलावली. मग त्याची नजर माझ्यावर गेली आणि तिथून समोरच्या भिंतीवर. "एकच घालतो. हा जुना अजून चालतोय. हा संपला की मग दुसरा फोडू."

झालं! जुन्याबरोबर नवा, खऱ्याबरोबर खोटा, अशी माझी दुसरी जोडी लागली. दुसरा लाल सेल फळीवर वेष्टनात राहिला.

हा नवा गडी म्हणजे बडा घर पोकळ वासा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. पाच मिनिटं लेझर चालला की याचं पोट रिकामं. पण लेझर बंद होईना, कारण मी मागून ढकलतोय. आणि दोन सेल एका रांगेत असले की माझी वीज त्याच्यातूनच जाणार, दुसरी वाटच नाही. तो रिकामा, तरी मी त्याच्यातून रेटतोय. आणि तो तापतोय. माझ्याच जोराने. मला थांबता येत असतं तर मी थांबलो असतो, देवाशपथ थांबलो असतो. पण सेलला बटण नसतं. बटण माणसाकडे असतं.

आणि माणूस लेझर गालाजवळ धरून एक डोळा मिटून उभा होता.

तेव्हापासून मला धड विश्रांती नाही. मामाला रिटायर व्हायला चार महिने उरले होते. रोज सकाळी त्याची बोटं नळीभोवती आवळली की मी मनात म्हणायचो, आज नको, या हातात नको. याच हाताने मला किती वर्षं पुसलं, भरलं, डबीत ठेवलं. मी फुटलो किंवा माझ्यामुळे पुढचा फुटला, तर ती बोटं आणि तो उघडा डोळा जाणार. खाली पोत्यांची थप्पी आणि हवेत धान्याची धूळ, ती वेगळीच. मी थकलेलो होतोच, त्यात ही भीती. थकलेल्याने घाबरायचं म्हणजे फार वाईट. पळायलाही जोर नसतो.

मामाला चटका जाणवायचा. त्यावर त्याने केलं काय? लेझरला रुमाल गुंडाळला! आणि पुन्हा कबुतरांमागे. मी कपाळावर हात मारला असता, पण मला हातही नाही आणि कपाळही नाही.

चार्जर भाचीच्या खोलीत असायचा. एक दिवस ती मामाला म्हणाली, "हा लाल सेल चहा प्यायच्या आत भरला. जुना अजून दोन तास घेईल. नऊ हजाराचं पोट इतक्यात कसं भरतं रे?"

"नवीन टेक्निक आहे," मामा म्हणाला आणि सेल घेऊन गेला.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा काम अर्धवट टाकून पाणी प्यायला तिच्या खोलीत आला. लेझर हातात, रुमालासकट.

"रुमाल कशाला?" तिने विचारलं.

"अगं, जरा चटका बसतो."

ती उठली, लेझर जवळजवळ हिसकावला आणि झाकण फिरवून आम्हाला टेबलावर ओतलं. लाल गडी भाजेल इतका तापला होता. त्या पोरीला एक सवय, समोर आलेली वस्तू आधी काट्यावर. दिवसभर दाणे मोजून मोजून हात तसाच वळलेला. तिने फडक्याने धरून त्याला नमुन्याच्या काट्यावर ठेवलं. चोवीस ग्रॅम. उचलून मला ठेवलं. शेहेचाळीस.

एवढी वर्षं झिजलो, पण वजन तसंच होतं. मलाच जरा अभिमान वाटला.

"मामा," ती म्हणाली, "ह्याच्या पोटात निम्मं काहीच नाही. नऊ हजार कसले? या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या वर मावतच नाही. हे कोण लिहितं आणि कोण विकत घेतं?"

मामा काही म्हणणार इतक्यात लाल सेलमधून शिट्टीसारखा बारीक आवाज आला.

भाची ओरडली, "मागे हो!" नमुने काढायचा पत्र्याचा डाव तिने उचलला, त्यात सेल ढकलला आणि दाराकडे धावली. दाराबाहेर आग विझवायची वाळूची बादली टांगलेली असते. तिने सेल त्यात टाकला, वर दोन ओंजळी वाळू लोटली आणि मामाला दंडाला धरून ओढत लांब नेलं. दार उघडंच होतं, मला टेबलावरून सगळं दिसत होतं. आधी धूर आला. मग वाळू उडाली, हातभर ज्वाळा आली, फट्ट असा आवाज झाला. कैच्यांवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. एवढी कबुतरं मामाने एका वेळी कधीच उडवली नव्हती.

मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता. तळवा लाल झाला होता, बस, तेवढंच.

"चालत तर होता की..." तो पुटपुटला.

मग भाचीचा बांध फुटला. "चालतंय, चालतंय! चालतंय म्हणून किती चालवणार? गुडघा चालतोय, चप्पल चालतेय, सेल चालतोय! अरे, गालाजवळ धरतोस तू तो लेझर! तोंडाशी फुटला असता म्हणजे? दुसरा मामा मी कुठून आणू? कुठल्या फळीवर ठेवलाय तो?"

ती रडायला लागली. मामा तिथेच एका पोत्यावर बसला. त्याने भाजका हात पुढे करून तिचा हात धरला. तो म्हणाला, "चुकलं माझं." हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

यादीभाऊ धावत आले, धूर बघितला आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "दुकानदाराने तर गॅरंटी दिली होती."

"दुकानदाराच्या हातात धरायला नव्हता ना तो," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लेझर घेऊन स्वतः दुकानात गेली, यादीभाऊंना बरोबर नेलं. परत आल्यावर यादीभाऊ सगळ्यांना हकिकत सांगत होते. "बाईंनी काटा पर्समध्ये नेला होता! प्रत्येक सेल तोलला. बनवणाऱ्याचं नाव विचारलं, ते नाही सांगता आलं तर पुढचा दाखवा म्हणाल्या. चकतीवालेच हवेत म्हणाल्या. ते साध्यापेक्षा काडीभर लांब असतात, तर लेझरमध्ये घालून झाकण पूर्ण फिरतंय ना ते बघितलं. लेझरला लागतो तेवढा जोर याला झेपेल का, तेही विचारलं. दोन्ही एकाच खोक्यातले, एकाच तारखेचे. मी म्हटलं, एकच घेऊ, जुना एक आहे. माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प."

मामा ऐकत होता. मग खडू घेऊन भिंतीजवळ गेला आणि रंगवलेल्या ओळीखाली वाकड्या अक्षरांत लिहिलं: सेल सोडून.

जरा थांबून त्याने ते पुसलं. "नाही," तो म्हणाला. "ओळ बरोबरच आहे. मीच उलटी वाचली. जुना माल आधी बाहेर काढायचा असतो. मी आतच ठेवून बसलो."

त्या संध्याकाळी त्याने माझ्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली. ड्रॉवरमधल्या जोडीदाराच्या टोकांनाही लावली. फळीवरच्या न फोडलेल्या लाल सेलचंही तसंच, पण त्याला भाचीने बाहेर पत्र्याच्या डब्यात वेगळं ठेवलं. आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी पुन्हा एका डबीत आलो. तो काही बोलत नव्हता. मला बोलायचं होतं, पण त्याला ऐकू आलं असतं की नाही कोण जाणे, म्हणून नुसता टेकून पडलो.

चार महिने नव्या जोडीने काम केलं. चांगली आहेत पोरं. मी डबीतून ठिपका सरकताना ऐकायचो, म्हणजे कबुतरांचे पंख ऐकायचो.

तुम्हाला एकच सांगणं आहे. आम्हाला निवडताना अंगावरचा मोठा आकडा बघून भुलू नका, हातात धरून वजन बघा. जोडी मोडली तर जोडीच बदला. साल फाटली, पोट फुगलं, अंग तापायला लागलं, तर प्रेमापोटी सुद्धा आम्हाला वापरू नका. आणि कचऱ्यात टाकू नका, जिथे जुने सेल गोळा करतात तिथे पोचवा. तुम्ही आम्हाला शेवटपर्यंत वापरता ते आम्हाला आवडतं. पण शेवट झाला हेही कुणीतरी वेळेवर ओळखायला हवं.

आज मामाचा शेवटचा दिवस होता. हार, भाषण, सगळं झालं. त्याने लेझर भाचीच्या हातात दिला. मग किल्ल्यांचा जुडगा काढून नव्या राखणदाराच्या टेबलावर ठेवला. सतरा किल्ल्या. खिसा एकदम हलका झाला, तसा तो दोनदा चाचपून बघत राहिला.

"ते जुने सेल मी उद्या देऊन येते," भाची म्हणाली.

"तू कशाला? माझ्या वाटेवरच आहे ते. मीच नेतो. आता मला दुसरं काम काय?"

त्याने डबी उघडली, आमच्या टोकांची पट्टी नखाने दाबून पाहिली, झाकण लावलं आणि डबी उजव्या खिशात ठेवली. भाचीने सवयीने तोंड उघडलं, "मामा, खिशात कि..." आणि तिथेच थांबली.

आता त्या खिशात किल्ल्या नव्हत्या.

मामा हसला. तिचे मात्र डोळे भरून आले. आता तो चालतोय, गुडघा सांभाळत, सावकाश, आणि आम्ही दोघं त्याच्या मांडीला लागून बसलोय. गोळा करायची जागा दोन गल्ल्या पुढे आहे. घाई कुणालाच नाही.